दीड मिनिटाचा हिशोब

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर-वारजे या पट्ट्यात फूड डिलिव्हरी करतो, चार वर्षं होऊन गेली. गाव बार्शी. गेल्या वर्षी मे महिन्यात गाडीवरून पडलो, डाव्या खांद्याचं कॉलर बोन मोडलं, दोन महिने गाडीला हात लावला नाही आणि त्यानंतर बाईक परत पहिल्यापासून शिकलो. आमच्या ग्रुपमधली पोरं सारखी विचारतात की तू सिग्नलला पूर्ण थांबतोस, राँग साइडला घुसत नाहीस, मग तुझ्या ऑर्डरी होतात कशा. दरवेळी चहाच्या टपरीवर अर्धवट सांगून होतं आणि तेवढ्यात कुणाची तरी ऑर्डर वाजते, म्हणून एकदा बसून सगळं लिहितोय.

पडलो त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला होता, जोराचा नाही, नुसता सडा टाकल्यासारखा, आणि असाच पाऊस सगळ्यात वाईट असतो हे तेव्हा माहीत असूनही डोक्यात नव्हतं. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ, टायरचा काळा चुरा, हे सगळं पहिल्या पावसात नुसतं ओलं होतं, वाहून जात नाही. संध्याकाळी पावणेआठ वाजता मी नळ स्टॉपकडून कर्वे पुतळ्याकडे चाललो होतो. हॉटेलवाल्यानं ऑर्डर द्यायला वीस मिनिटं लावली होती, ॲपवर वेळ लाल झालेली, कस्टमरचा फोन येऊन गेलेला की कुठपर्यंत आलात, आणि मी होल्डरमधल्या मोबाईलवर बघत होतो की पुढचं वळण कुठलं. वर बघितलं तर समोरची रिक्षा पॅसेंजर घ्यायला थांबलेली. मी पुढचा ब्रेक एकदम पूर्ण आवळला, आणि चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. गाडी खालून निघूनच गेली. कसा पडलो ते आठवत नाही, पण डोक्यातलं हेल्मेट निघून डिव्हायडरच्या कडेला गरगर फिरत होतं ते आठवतं, अगदी स्पष्ट.

हेल्मेट घातलेलं होतं, बक्कल लावलेलं नव्हतं. दिवसाला वीस-बावीस ऑर्डरी म्हणजे पिकअप आणि ड्रॉप मिळून चाळीस-चव्वेचाळीस वेळा हेल्मेट काढायचं-घालायचं, मग पट्टा कोण लावत बसणार, आमच्यातले निम्मे जण असेच फिरतात. रस्त्यावर आपटेपर्यंत ते डोक्यात राहिलंच नाही. कानाच्या वर चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं पुढं लागलं असतं तर कानशिलावर होतं.

मला उचललं त्याच रिक्षावाल्या काकांनी. दवाखान्यात सोडलं आणि मग दारात घुटमळत उभे, पोलीस आपलं नाव लिहून घेतील, फेऱ्या मारायला लागतील म्हणून. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, काका, आता कायदा आहे, तुम्ही मदत केलीय, तुमच्यावर काही येत नाही, नाव सांगायचं का नाही ते पण तुमच्या मर्जीवर. हे खरंच आहे, २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं. सगळ्या रायडरांनी हे माहीत करून घ्या, कारण रस्त्यात पडलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात आधी आपल्यालाच दिसतो.

नंतर पाठीवरून खांद्यात अडकवायचा पट्टा बांधून बार्शीला गेलो. पहिले पंधरा दिवस झोपायला सुद्धा बसूनच लागायचं. हातात मोबाईल आणि दुसरं काम नाही, म्हणून केंद्र सरकारचा रस्ते अपघातांचा २०२२ चा अहवाल वाचून काढला. त्या एका वर्षात देशात अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली शंभरातली जवळपास ४५ दुचाकीवरची. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५० हजारांच्या वर. हे वाचताना मला सारखं ते गरगर फिरणारं हेल्मेट दिसत होतं, आणि वाटत होतं की बक्कल न लावलेले या आकड्यात कुठं धरले असतील.

आता मामांबद्दल. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, बार्शी डेपो, रिटायर झाले. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे त्यांच्याकडे, कपाटात पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवलेला असतो. मला बघायला आले तेव्हा सगळे जण रिक्षावाल्याला शिव्या देत होते, म्हणजे आई, शेजारचे, सगळेच. मामा काहीच बोलले नाहीत. जाताना मला म्हणाले, "रिक्षा किती लांब होती?" मी म्हटलं, माहीत नाही मामा, मी मोबाईल बघत होतो. ते म्हणाले, "मग रिक्षाचा विषय सोड. खांदा बरा झाला की माळावर ये, गाडी थांबवायला शिकवतो." मला राग आला होता, खरं सांगतो. चार वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवतोय आणि मला गाडी थांबवायला शिकवणार. पण हिशोब केला तेव्हा कळलं. ताशी चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. मी मोबाईलवर दोन सेकंद बघितलं असेल तर २२ मीटर मी डोळे मिटूनच गेलो, म्हणजे पीएमपीच्या दोन मोठ्या बस एकामागं एक लावल्या तर जेवढं अंतर होईल जवळपास तेवढं.

जुलैच्या शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही कुर्डुवाडी रोडच्या बाजूला एका माळावर जायला लागलो, तिथं प्लॉटिंगसाठी केलेला डांबरी रस्ता आहे, वर्दळ नाही. पहिल्या दिवशी मामांनी गाडी चालूच करू दिली नाही. गाडीभोवती फिरवलं. टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण असतो, त्या सरळ रेषेत खाचेच्या आत रबराचा उंचवटा असतो, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. माझा पुढचा टायर टेकून खाली गेला होता. चार वर्षांत मी तो त्रिकोण कधी बघितला नव्हता. मागच्या टायरची नक्षी सगळे बघतात, कारण पंक्चर तिथं होतं, पण वळवतो आणि जास्त ब्रेक झेलतो तो पुढचा. चेन ढिली, डावा आरसा फक्त माझाच खांदा दाखवायचा, आणि ब्रेकची केबल इतकी कोरडी की लिव्हर अर्धा दाबेपर्यंत काही व्हायचंच नाही आणि मग एकदम चाक धरायचं. म्हणजे त्या दिवशी मी ब्रेक आवळला तो असा. आठशे-हजाराच्या आत येणाऱ्या या दुरुस्त्या मी महिनोन्महिने पुढं ढकलल्या होत्या, कारण गॅरेजला गाडी लावली की त्या दिवसाचे पैसे बुडतात. नवा टायर वेगळा.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेक. मामांनी रस्त्यात एक वीट ठेवली, तिच्याजवळ आलो की ब्रेक, थांबलो की तिथून विटेपर्यंत पावलं मोजायची. ताशी वीस, मग तीस, मग चाळीस. फक्त मागचा ब्रेक मारला तर चाळीसला माझी २५ पावलं झाली. दोन्ही मिळून मारले तर १४. आणि मी आयुष्यभर घाईच्या वेळी एकतर नुसता मागचा दाबत आलो होतो नाहीतर त्या दिवसासारखा पुढचा एकदम. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागेल अशी सिस्टिम सक्तीची झाली, पण माझी गाडी २०१७ ची, तिला ते नाही, हे काम मलाच हातानं आणि पायानं करायचं होतं. मामांनी सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं लिहितो: "लिंबू पिळतोस ना, तसा पिळ. आधी थोडं, मग दम दे. हिसका नको." गाडीचं वजन पुढं येतंय हे हाताला कळलं की मग जोर द्यायचा. लिहायला सोपंय, पण तिसऱ्या दिवशी कुठं हाताला ते कळलं. आणि हँडल सरळ पाहिजे, वळणात असताना पुढचा आवळायचा नाही, आधी कललेली गाडी सरळ करायची.

नंतर पाठीवर बॅग. बॅगेत दोन-दोन लिटरच्या पाच पाण्याच्या बाटल्या, म्हणजे दहा किलो, फॅमिली ऑर्डर असली की एवढं वजन सहज होतं. बॅग पाठीवर असली की ब्रेक मारल्यावर ती मागून ढकलते, वळताना एक क्षण उशिरा येते, आणि बाजूनं वारा आला की शिडासारखी ओढते, चांदणी चौकाच्या पुलांवर ज्यांनी रात्री ऑर्डर नेली त्यांना विचारा. आम्ही रोज पाठीवर घेऊन फिरतो पण तिच्यासह ब्रेक मारायचा सराव कुणी केलेला नसतो. बॅगेचे पट्टे आवळून पाठीला घट्ट बांधले आणि जड डबे तळाशी घातले तर फरक पडतो, माझी दोन पावलं कमी झाली.

सगळ्यात अवघड होतं ते शेवटचं. मामा मागं बसायचे आणि मला म्हणायचे, जे दिसतंय ते मोठ्यानं बोलत चल. बार्शीच्या बाजारातून जायचं आणि बोलायचं, डावीकडं उभी जीप, ड्रायव्हर आत आहे, दार उघडू शकतो. पुढं शाळेची पोरं. टेम्पोच्या आरशात मला त्याचं तोंड दिसत नाही, म्हणजे त्याला मी दिसत नाही. वाळू सांडलीय. म्हातारी रस्ता ओलांडायच्या बेतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घसा कोरडा पडला आणि मी निम्म्या गोष्टी गाडी जवळ गेल्यावर बोलत होतो, तेव्हा मामा मागून नुसतं "उशीर" म्हणायचे. रिक्षा थांबणार हे रिक्षावाला हात काढून सांगत नाही, पण फुटपाथवरचा माणूस हात करतो, ते दिसलं की रिक्षा थांबणार हे आधीच कळतं. त्या दिवशी नळ स्टॉपच्या पुढं तो हात केलेला माणूस मला दिसला असता.

ऑगस्टच्या शेवटी पुण्यात परत आलो. नवीन हेल्मेट घेतलं, आयएसआय मार्कचं. १ जून २०२१ पासून दुचाकीचं बिनमार्काचं हेल्मेट बनवणं-विकणंच बंद आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची टोपी मिळतेच, ती घेऊ नका, तुमच्या घरच्यांसाठी सांगतोय. बक्कल मात्र मुद्दाम बघून घेतलं, एका हातानं खटकन उघडणारं, दात्यांचं. दुकानात उभा राहून वीस वेळा उघड-बंद केलं. लावायला दोन सेकंद, काढायला एक. ४४ वेळा धरलं तरी दिवसाची सव्वादोन मिनिटं.

इथून माझा मिनिटांचा हिशोब सुरू झाला. मी एक छोटी वही घेतली आणि सहा दिवस, १०४ ऑर्डरी, प्रत्येकीत वेळ कुठं जातो ते लिहिलं. सरासरी आली ती अशी, हॉटेलवर थांबण्यात ९ मिनिटं, रस्त्यावर १२, आणि सोसायटीच्या गेटपासून कस्टमरच्या दारापर्यंत ५. मग करिष्मा चौक ते वारज्याचं एक अपार्टमेंट, ३.८ किलोमीटर, हा रोजचा रस्ता घेतला. जुन्या पद्धतीनं, म्हणजे फटीतून घुसत, पिवळा पडला की दामटत, मला किती लागायचे हे ॲपच्या जुन्या ट्रिपांवरून बघितलं, साधारण ११ मिनिटं. आता सगळे सिग्नल पाळून, चाळीसच्या आत, राँग साइड न घेता, साडेबारा.

दीड मिनिट. चार वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते एवढंच होतं. मी वही घेऊन जिन्यात बसून राहिलो होतो बराच वेळ. कारण हेच दीड मिनिट एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिण्यात जातं, आणि दोन मिनिटं लिफ्टची वाट बघण्यात.

मग मी तिथं वेळ वाचवायला लागलो. हॉटेलातून निघायच्या आधीच कस्टमरला फोन, कुठलं गेट, कुठली विंग, लिफ्ट चालू आहे का. माझ्या भागातल्या सोसायट्यांची गेटं वहीत लिहिली, कुणाचं मागचं गेट रात्री दहाला बंद होतं ते सुद्धा. पत्ता हॉटेलवरच बघून पहिली दोन वळणं पाठ करायची, आणि मोबाईल बघायचा तो गाडी कडेला थांबवूनच. कस्टमरचा फोन आला तर चालत्या गाडीवर घ्यायचा नाही, अजून एकाही कस्टमरनं त्यावरून रेटिंग खराब केलेलं नाही, थांबून परत फोन केला की लोक उलट नीट बोलतात. गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायची. अशी बारीक बारीक मिळून ऑर्डरमागं अडीच मिनिटं निघाली.

पैशाचं खरं सांगतो. पहिले दोन आठवडे रोजचे शंभरेक रुपये कमी पडले. नंतर भरून आले, पूर्ण नाही, आजही जुन्या दिवसांपेक्षा तीस-चाळीस रुपये कमीच असतील. ज्याच्यावर गाडीचा हप्ता आणि घरभाडं दोन्ही आहे त्याला तीस रुपये पण लागतात, मला माहितेय, मी त्याला नावं ठेवणार नाही. आणि सगळं रायडरवर ढकलणं पण बरोबर नाही. रात्री अकराच्या आत बावीस पूर्ण केल्या तरच इन्सेंटिव्ह, एकवीसला काहीच नाही, असं असलं की शेवटच्या दोन ऑर्डरींना माणूस कसा चालवेल. दिवसभर दमलेला, जेवण नाही, आणि घड्याळात पस्तीस मिनिटं. आमच्या ओळखीतले जेवढे पडले त्यातले बरेच त्याच वेळेला पडले. २०२६ च्या जानेवारीत केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलून 'दहा मिनिटांत घरपोच' अशी जी जाहिरात असायची ती काढायला सांगितली, चांगलंच झालं, पण पैसे देण्याची पद्धत बदलली पाहिजे, ऑर्डर मोजून नाही तर उशिराचं कारण बघून. हॉटेलनं लावलेली वीस मिनिटं माझ्या नावावर लाल का दिसावीत?

मी माझ्यापुरतं ठरवलंय की पाऊस असला की इन्सेंटिव्ह सोडायचा, सकाळीच मनातून काढून टाकायचा. रात्री नऊला अर्धा तास थांबून जेवायचं, गाडीवर बसून नाही, खाली बसून. आणि नवले पुलाच्या बाजूची ऑर्डर आली तर हायवेवर चढायचं नाही, सर्व्हिस रोडच. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून तो जो लांब उतार येतो तिथं ट्रक गरम ब्रेकवर खाली येत असतात, तुम्ही कितीही शिस्तीत असलात तरी मागून येणाऱ्या ट्रकला थांबता आलं पाहिजे ना.

मामा दिवाळीत पुण्याला आले होते. एक संध्याकाळ माझ्या मागं बसून तीन ऑर्डरी फिरले, डोक्याला माझं जुनं हेल्मेट नको म्हणून त्यांच्यासाठी शेजाऱ्याचं मागून आणलं होतं, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं. मी नेहमीसारखा हळू आवाजात बोलत चाललो होतो, आता सवयच झालीय, कार, दार, माणूस, चेंबर. लॉ कॉलेज रोडला एका झाडाच्या सावलीत काळी गाडी बिनलाईटची उभी होती, ती मी लांबून बोललो. मामांनी "उशीर" म्हटलं नाही. माझ्या बऱ्या झालेल्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

आता दर रविवारी सकाळी सातला, रस्ता मोकळा असतो तेव्हा, कर्वेनगरच्या नदीकडच्या बाजूला एका बंद रस्त्यावर आम्ही जमतो. सुरवातीला एक जण आला होता, गेल्या रविवारी पाच होते, त्यातला एक धाराशिवचा पोरगा, डिलिव्हरीला लागून तीन आठवडे झालेत. वीट माझीच असते. रस्त्यावर थर्मोप्लास्टचा, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगला मारतात तसल्या जाड रंगाचा, जुना पांढरा पट्टा आहे, त्यावर दोन बादल्या पाणी ओतायचं, आधी पट्ट्याच्या अलीकडे कोरड्यावर ब्रेक मारून वेग कमी करायचा आणि पट्ट्यावर लिव्हर सैल सोडायची, वीसच्या वरती कुणी जायचं नाही. त्या पोरानं पहिल्यांदा पट्ट्यावरच आवळला, गाडी हलली, पाय टेकवून सावरली. दुसऱ्यांदा पण तेच. सहाव्या वेळेला पट्टा ओलांडताना त्याची बोटं लिव्हरवरून सुटलेली मला दिसली. मग त्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या पुढच्या टायरवरचा त्रिकोण शोधायला लावला. टायर टेकलेला होता. या गुरुवारी त्याचं पेमेंट येतंय, आम्ही दोघं टायर घ्यायला जाणार आहोत, तोपर्यंत त्याला माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दुसरी गाडी मिळवून दिलीय.